स्क्रीनिंगमध्ये ‘हिरवा’ आलेला पोरगाच जायबंदी झाला, मग स्क्रीनिंग कशाला करायचं? (कबड्डीच्या कोच सरांना सविस्तर उत्तर)

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सरांचं तालुक्याच्या गावी कबड्डीचं मंडळ आहे, किशोर आणि कुमार गटातली मुलं-मुली मिळून वीसेक खेळाडू. सीझन सुरू व्हायच्या आधी शहरातून एक टीम येऊन सगळ्यांचं स्क्रीनिंग (म्हणजे हालचाली, ताकद, तोल यांची तपासणी) करून गेली, प्रत्येकाला रंगीत रिपोर्ट मिळाला, २१ पैकी स्कोअर, आणि १४ किंवा त्याच्या खाली असेल तर ‘हाय रिस्क’ म्हणून लाल शिक्का. पुढच्या दोन महिन्यांत दोन पोरं जायबंदी झाली, एकाचा घोटा आणि एकाची एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारी आतली पट्टी, लिगामेंट), आणि दोघंही हिरव्या शिक्क्याचे! सर विचारतायत की हे सगळं थोतांड आहे का, आणि नसेल तर मशीन नसताना, फिजिओ महिन्यातून एकदाच येत असताना, आम्ही नक्की काय बघायचं.

थोतांड नाही. पण जे काम त्याला जमतच नाही त्या कामासाठी ते तुम्हाला विकलं गेलं. कोण जखमी होणार हे आधी सांगणं हे स्क्रीनिंगचं काम नाहीये. सीझनच्या सुरुवातीला एकदा घेतलेलं माप म्हणजे गाडीचं पीयूसी, त्या दिवशी धूर किती येत होता एवढंच ते सांगतं, गाडी कुठे ठोकणार ते त्यात कसं दिसेल?

तो १४ चा आकडा कुठून आला ते सांगते, कारण तो आता शाळेतल्या पीटी सरांपर्यंत पोचलाय. एफएमएस (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन) नावाची टेस्ट आहे, ग्रे कुक आणि ली बर्टन या दोघा अमेरिकनांनी बनवलेली, सात हालचाली, प्रत्येकीला ० ते ३ गुण, म्हणून एकूण २१. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका टीमवर, ४६ खेळाडूंवर, एक अभ्यास छापून आला आणि त्यात १४ किंवा खाली स्कोअर असणाऱ्यांना मोठ्या दुखापती जास्त झाल्या असं दिसलं. झालं, तो आकडा जगभर पसरला. ४६ धिप्पाड अमेरिकन पुरुषांवरून निघालेली रेषा आपल्या १५ वर्षांच्या कॉर्नर खेळणाऱ्या मुलीला लावायची, याला काय अर्थ आहे? नंतर बऱ्याच ठिकाणी तपासून बघितलं तर ती रेषा काही टिकली नाही.

आता समजा टेस्ट खरोखर चांगली आहे असं धरून चालू, तरी काय होतं बघा. हा फक्त हिशेब आहे, कुठला अभ्यास नाही. १०० खेळाडू घ्या, २० जणांना लाल शिक्का, ८० जणांना हिरवा, आणि लालवाल्यांना दुखापतीची शक्यता अगदी दुप्पट आहे असं माना, म्हणजे लालमध्ये ४० टक्के आणि हिरव्यात २० टक्के. लालमधले जखमी होणार ८. हिरव्यातले जखमी होणार १६. म्हणजे टेस्ट बरोबर असूनही तीनातले दोन जखमी हिरव्या यादीतूनच येणार, आणि लाल शिक्का बसलेल्या २० पैकी १२ जणांना काहीच होणार नाही, पण ते सीझनभर गुडघ्याला पट्टी बांधून घाबरून खेळणार. सर, तुमच्याकडे जे झालं ते नवल नाही, गणितच तसं आहे. नॉर्वेचे रोआल्ड बार म्हणून या विषयातले मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी २०१६ मध्ये हेच मांडलं की दुखापतीचा अंदाज वर्तवणारी स्क्रीनिंग टेस्ट आजवर जमलेली नाही आणि बहुधा जमणारही नाही, कारण जखमी होणारे आणि न होणारे यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये रेघ मारायला जागाच उरत नाही.

शिवाय तुमच्या दोघांचं काय झालं तेही बघा. एकजण साखळीत अडकला, पाय मॅटवर घट्ट रोवलेला आणि वरून तिघांचं वजन आलं. दुसरा पकड सोडवून परत येताना त्याचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला. एका पायावर उभं राहून तोल किती सेकंद टिकतो हे मोजून यातलं काय कळणार होतं?

मग करायचं कशाला? तर माझ्या मते तीन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे जे आत्ताच दुखतंय पण कुणी सांगितलेलं नाही ते सापडतं. वीस पोरांना एकेकट्याला बाजूला घेऊन नीट विचारलं की चार-पाच तरी निघतातच, कुणाची जुनी घोट्याची लचक पूर्ण बरी झालेली नसते, कुणाचा खांदा मागच्या वर्षी निसटला होता आणि गावातल्या माणसाने ओढून बसवला होता, कुणाच्या गुडघ्याच्या वाटीखाली सहा महिने दुखतंय पण निवड चाचणी होती म्हणून गप्प बसलाय. आणि पुढच्या दुखापतीचा सगळ्यात भरवशाचा इशारा कुठला असेल तर तो मागची दुखापत. त्याला मशीन लागत नाही, कान लागतात. खरं सांगायचं तर स्क्रीनिंगच्या एका तासातला अर्धा वेळ बोलण्यात गेला पाहिजे, पण रिपोर्टमध्ये बोलण्याचा ग्राफ काढता येत नाही ना, म्हणून तेच पहिलं गळतं.

दुसरं कारण, त्या पोराचा स्वतःचा नॉर्मल आकडा तुमच्याकडे राहतो. आणि तिसरं, जखमी होऊन परत येताना त्याला कुठपर्यंत पोचायचंय ते कळतं. या दोन गोष्टींसाठी मात्र एकदा मोजून भागत नाही, थोडंथोडं पण सतत मोजावं लागतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे सर, वर्षातून एकदाच्या चार पानी रिपोर्टपेक्षा दर आठवड्याची दहा मिनिटं जास्त कामाची. त्या पोराची तुलना कुठल्या चार्टशी करू नका, त्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच्याशीच करा.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण जांघेचं आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या ज्युनियर पोरांवर २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात दर आठवड्याला मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद मोजत होते. ज्यांना पुढे जांघेत दुखायला लागलं त्यांची ताकद दुखणं सांगायच्या आधीच्या एकदोन आठवड्यांत खाली आलेली होती. म्हणजे पोरगा ‘काही नाही सर, ठीक आहे’ म्हणत होता तेव्हा आकडा बोलत होता. कबड्डीत टो टच मारताना, डुबकी मारताना, कॉर्नरवरून आत झेप घेताना ही आतली मांडी किती ताणली जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे मोजायला महागडं डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) असलं तर उत्तमच, नसलं तर डायलवालं बीपीचं मशीन पुरतं, काट्याचं, हातानं पंप करायचं. डिजिटल चालत नाही, ते एरर दाखवून मोकळं होतं. पोराला पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर. कफ गुंडाळून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरायला द्या आणि काटा २० वर येईल एवढीच हवा भरा. मग सांगा, हळूहळू जोर वाढव आणि जितकं दाबता येईल तितकं दाब, तीनचार सेकंद. काटा कुठपर्यंत गेला ते लिहायचं. तीनदा करा, मध्ये थोडी विश्रांती, तिन्हीतला सगळ्यात मोठा आकडा धरा आणि दाबताना जांघेत दुखलं का, दहापैकी किती, तेही शेजारी लिहा. चांगल्या तरुण खेळाडूचा आकडा बऱ्याचदा २०० च्या आसपास किंवा पुढे जातो, पण त्यात अडकू नका, एखादा १७० वाला वर्षभर मजेत खेळतो. बघायचं हे की १७० वाला १४० वर आला का. पोरांकडून दोन बारीक चुका होतात, एक म्हणजे दाबताना कंबर वर उचलतात आणि दुसरं म्हणजे शेजारी मित्र उभा असला की स्पर्धा लावतात, म्हणून एकेकाला घ्या. आणि हो, ज्या कफवर ही दाबादाबी केली तो परत कुणाचं बीपी बघायला वापरू नका, त्याचं माप बिघडलेलं असू शकतं.

दुसरी टेस्ट घोट्याची, भिंतीला गुडघा लावायची. भिंतीपासून जमिनीवर मेजरिंग टेप चिकटवा. पायाचा अंगठा आणि टाच टेपच्या रेषेत, टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला की पाय थोडा मागे. असं करत करत जास्तीत जास्त किती लांबून गुडघा टेकतो ते सेंटीमीटरमध्ये, अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत. साधारण १० च्या आसपास बऱ्याच जणांचं येतं. इथे फसवणूक टाचेची होते, पोरगं नकळत टाच उचलतं आणि तुम्हाला वरून दिसत नाही, म्हणून टाचेखाली कागदाची पट्टी ठेवा आणि गुडघा टेकल्यावर ती ओढून बघा, निघाली तर टाच उचललीय, फाऊल. लचकलेला घोटा ‘बरा झाला’ असं पोरगं तिसऱ्या आठवड्यातच म्हणतं पण या टेस्टमध्ये तो पाय दुसऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मागे असतो, आणि असा अर्धवट घोटा परत मुरगळतो, मग तिसऱ्यांदा मुरगळतो, मग ‘याचा घोटाच कच्चा आहे’ असं नाव पडतं. कच्चा नव्हता, पूर्ण होऊच दिला नाही.

तिसरी पोटरीची, एका पायावर टाच वर-खाली, फोनवरच्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर. गुडघा वाकायला लागला किंवा टाच अर्धीच उचलली की थांबवा. पंचवीसच्या जवळ जाणं अपेक्षित. चौथी हवी असेल तर मागच्या मांडीची, पाठीवर झोपून एक टाच साधारण ६० सेंटीमीटर उंच बाकावर ठेवून ढुंगण वर उचलायचं, किती वेळा होतं ते मोजायचं, २० च्या खाली असेल तर कमजोर, ३० च्या वर असेल तर झकास. या दोन्ही टेस्ट महिन्यातून एकदाच करा, दमवणाऱ्या आहेत, मॅचच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको.

बस, एवढ्याच. खांद्यासाठी मी कबड्डीत दोनच प्रश्न विचारते, निसटल्यासारखा वाटतो का आणि त्या कुशीवर झोपता येतं का. बाकी पाठीचा कणा किती वाकडा, एक खांदा वर एक खाली, पाय सपाट, अशा गोष्टींनी रिपोर्टची पानं भरतात पण त्या मोजून तुम्ही उद्याच्या सरावात काहीच बदलणार नसाल तर मोजू नका. उजव्या-डाव्यात फरक असणं हाही गुन्हा नाही, दहा वर्षं एकाच पायाने टो टच मारणाऱ्या रेडरचे दोन पाय सारखे येणारच नाहीत आणि यायची गरजही नाही.

मोजताना शिस्त मात्र पाहिजे. दर वेळी तोच माणूस, तोच वार, सरावाच्या आधी, तीच जागा. फोनमध्ये बघत कुणीतरी आकडे घेतले तर सेंटीमीटरभराचा फरक नुसता मोजण्याच्या ढिसाळपणातून येतो आणि मग त्यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. घोट्याच्या टेस्टला एक सेंटीमीटरने मागे आला म्हणून घाबरायचं नाही, दोन आला आणि पुढच्या आठवड्यातही तसाच राहिला तर बघायचं. वजन द्यायच्या स्पर्धेआधी पोरं दोन दोन दिवस पाणी तोडतात, तेव्हा घेतलेले आकडे फेकून द्या (आणि ते पाणी तोडणं थांबवा हो सर, तो वेगळा विषय आहे पण कुमार गटाच्या वजनात बसवायला पोरांना रिकाम्या पोटी पळवणं मी अजून बघते).

सुरुवातीचे तीन-चार आठवडे फक्त मोजा, निर्णय काही घेऊ नका. त्यातून प्रत्येकाचा नेहमीचा पट्टा कळतो. कुणाचा १९० ते २०० मध्येच हलतो, कुणाचा १६० ते २०० असा कुठेही जातो, आणि दुसऱ्याच्या बाबतीत १७० ला काही अर्थ नाही पण पहिल्याच्या बाबतीत आहे.

आता आठवड्याचे प्रश्न. ओस्लोच्या स्पोर्ट्स ट्रॉमा रिसर्च सेंटरने २०१३ मध्ये एक साधी प्रश्नावली काढली, चारच प्रश्न आहेत. दुखण्यामुळे खेळायला अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, खेळ खालावला का, आणि किती दुखलं. हे गुडघा, घोटा, खांदा, कंबर, जे तुमच्या खेळात चालतं त्यासाठी वेगवेगळं विचारायचं. ही का लागली? कारण आपण ‘जखमी’ म्हणजे ‘मॅच चुकली’ असं धरतो, आणि वाटीखाली दुखणारा पोरगा एकही मॅच चुकवत नाही, तो आईसपॅक लावून, स्प्रे मारून सगळा सीझन खेळतो आणि मार्चमध्ये त्याला जिना उतरता येत नाही. आपल्या वहीत त्याचं नावच नसतं. मराठीत साध्या भाषेत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण उत्तर ग्रुपवर मागू नका, पर्सनलवर मागा, ग्रुपवर सगळे ‘ओके सर’ टाकतात.

आता लोडचं, म्हणजे सरावाचा अंगावर किती ताण पडला त्याचं, थोडक्यात. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारा, आज ० ते १० पैकी किती जड गेलं, त्याला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं गुणिले ७ म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज करा. मध्ये या आठवड्याचा लोड भागिले महिन्याची सरासरी अशा गुणोत्तराचं फार वेड आलं होतं, ०.८ ते १.३ मध्ये असलात तर सुरक्षित वगैरे, त्यावर आता संशोधकांनीच बरीच टीका केलीय आणि माझ्या मते तुमच्या पातळीवर त्याची गरज नाही. बेरीज एकदम उसळली का एवढं नजरेला दिसलं तरी बास. आणि ती कधी उसळते ते तुम्हाला माहितीय, जत्रांच्या सीझनमध्ये, पंधरा दिवसांत तीन गावांच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, रात्री बाराला फायनल, दोनला टेम्पोतून घरी, सकाळी कॉलेज. त्या पंधरवड्यात पोरांना वर सरावाला बोलावू नका. कितीही स्क्रीनिंग केलं तरी झोप नसलेल्या पोराला वाचवता येत नाही.

आकडा पडला तर काय करायचं, हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर मॅचच्या दिवशी भावनेच्या भरात निर्णय होतो. माझा ढोबळ नियम सांगते. नुसता आकडा पडला, दुखत नाही, तर झोप आणि लोड विचारा, दोन-तीन दिवसांनी परत मोजा, बऱ्याचदा वर येतो. आकडा स्वतःच्या नेहमीच्यापेक्षा साधारण १५-२० टक्के पडला आणि दुखतंयही, तर त्या आठवड्यात झेपा, डुबकी, अचानक दिशा बदलणं कमी करा, पण पूर्ण झोपवू नका, ताकदीचे व्यायाम दुखणार नाही इतपत चालू ठेवा आणि तीन-चार दिवसांनी परत मोजा, आणि मग फिजिओला दाखवा. पूर्ण विश्रांती दिली की पोरगं दहा दिवसांनी ताजं होऊन येतं आणि पहिल्याच मॅचला परत धरतं, हे चक्र तुम्ही बघितलंच असेल. काही गोष्टींना मात्र कसलाच आकडा बघायचा नाही, सरळ डॉक्टरकडे. गुडघा पिरगळून तासाभरात सुजला, गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, आणि नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या जागी दाबलं की कळ येते. खेळताना चक्कर येऊन पडला किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल तर हृदय तपासून घ्या, सांधे-स्नायूंचं स्क्रीनिंग त्याबद्दल काहीच सांगत नाही.

प्रतिबंधाचे व्यायाम लाल-हिरवं न बघता सगळ्यांना द्या. वरच्या हिशेबात दिसलंच की हिरव्यांना सोडलं तर दोन तृतीयांश दुखापती तुम्ही सोडल्या. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि सरळ अंगाने हळूहळू पुढे पडायचं, याने मागच्या मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. कोपनहेगन म्हणून आतल्या मांडीचा एक व्यायाम आहे (कुशीवर आडवं होऊन वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि कंबर व खालचा पाय वर उचलायचा), नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंमध्ये त्याने जांघेच्या तक्रारी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. हे फुटबॉलचे आकडे आहेत, कबड्डीत जसेच्या तसे येतील असं नाही, पण स्नायू तेच आहेत आणि खर्च शून्य. आठवड्यातून दोनदा, वॉर्मअपमध्येच, आणि पहिल्या आठवड्यात दोन सेट पाच-पाचचे, जास्त नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं चालायची नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला टाळायला लागतील.

तुमच्याकडे किशोर गट आहे म्हणून एक गोष्ट वाढवा, दर तीन महिन्यांनी उंची मोजा, दाराच्या चौकटीवर खूण केली तरी चालेल. मुली साधारण बाराच्या आसपास आणि मुलगे चौदाच्या आसपास झपाट्याने वाढतात, तेव्हा गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा दुखतो, टाच दुखते, आणि कालपर्यंत चपळ असलेलं पोरगं एकदम धांदरट वाटायला लागतं. त्याला ‘आळशी झालास’ म्हणून जास्त पळवलं जातं. उंचीचा आकडा समोर असेल तर तुम्हीच उड्या कमी कराल.

मुलींच्या बाबतीत पाळीचा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो बाईनेच विचारावा, मंडळात कुणी नसेल तर एखाद्या आईला किंवा शाळेतल्या मॅडमना तयार करा. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘सराव जोरात चाललाय म्हणून’ असं म्हणून सोडू नका, बहुतेक वेळा खाणं कमी पडत असतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो. हे वेगळ्या वहीत, ती वही तुमच्याकडेही नको.

वहीवरून आठवलं, सगळ्यात महत्त्वाचं राहूनच जात होतं. हे आकडे कोण बघणार? एकदा जरी तुम्ही ‘तुझा आकडा पडलाय म्हणून तू बाहेर’ असं निवडीच्या वेळी केलंत ना, तर पुढच्या महिन्यापासून कुणाचंच काही दुखणार नाही, सगळे १० पैकी ०, आणि पहिल्या टेस्टला पोरं मुद्दाम कमी दाबून ठेवतील म्हणजे नंतर पडायला जागाच नको. निवडीसाठी फिटनेस टेस्ट घ्यायची तर ती वेगळी घ्या, जशी बीसीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये यो-यो (दमाची धावण्याची टेस्ट) आणि डेक्सा (हाडं-चरबी मोजणारं स्कॅन) निवडीच्या निकषात धरायचं जाहीर केलं. ती कुवतीची परीक्षा आहे, तिच्यात पास-नापास असतं. तब्येतीवर लक्ष ठेवायच्या वहीत पास-नापास नसतं. मंडळाच्या अध्यक्षांना, आमदार चषकाच्या आयोजकांना, कुणालाही ती दाखवायची नाही, आणि १८ च्या खालच्यांचं पालकांना माहीत असलं पाहिजे.

आणि हे सगळं नीट करूनही दुखापती होणार, ते मनात धरूनच चाला. बुमराहकडे बघा, हाताशी जगातली उत्तमातली माणसं आणि मशीनं, तरी पाठीमुळे २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला, ऑपरेशननंतर परत आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत परत पाठीनेच बाहेर बसवलं. लक्ष ठेवल्याने दुखापत लवकर कळते, लहान असताना पकडता येते, परत येणं नीट होतं. एवढं पदरात पडलं तरी पुष्कळ.

अ‍ॅप घ्यावं का असंही विचारलंय. नको. दोनशे पानी वही, प्रत्येक खेळाडूला चार पानं, तारीख, आकडे, दुखणं, एक ओळ शेरा. सहा महिने वही सलग भरली गेली तर मग अ‍ॅपचा विचार करा, बहुतेक ठिकाणी अ‍ॅप आधी येतं आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी उघडत नाही.

शेवटी तुमच्या एसीएलवाल्या पोराबद्दल. त्या रंगीत रिपोर्टमध्ये त्याच्या दोन्ही पायांचे काही कच्चे आकडे असतील, उडी, ताकद, वाकणं, जे असेल ते, स्कोअर सोडून द्या पण ते आकडे जपून ठेवा, आता खरा उपयोग होईल. ऑपरेशननंतर सगळे चांगल्या पायाशी तुलना करून ‘९० टक्के आला’ म्हणतात, पण सहा-आठ महिने न खेळल्याने तो चांगला पायही बारीक झालेला असतो, म्हणजे तुम्ही कमी झालेल्याशी कमी झालेला मोजताय. त्याला दुखापतीच्या आधीच्या त्याच्याच आकड्यापर्यंत पोचायचंय. आणि ऑपरेशनच्या तारखेपासून ९ महिन्यांच्या आत त्याला मॅटवर उतरवू नका, मग फायनल असो की जत्रा. तेवढं थांबल्याने गुडघा परत जायचा धोका खूपच कमी होतो हे नीट दिसलेलं आहे. ९ महिने झाले म्हणून आपोआप परवानगीही नाही, आकडे आले पाहिजेत, आणि पहिला महिना एकाला-एक सराव, मग दोघांची पकड, साखळी सगळ्यात शेवटी. घोटावाल्याचं सोपं आहे, उद्याच भिंतीशी उभा करा आणि टाचेखाली कागद ठेवा. दोन सेंटीमीटर किंवा जास्त मागे असेल तर त्याला अजून आठ-दहा दिवस फक्त बोनस आणि रनिंगच्या चढाया द्या, कॉर्नरला उभा करू नका.